एका दुर्बोध ग्रंथाची समीक्षा

समीक्षा लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी. कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात गद्य होते ते ‘आपले दिनांक अमुकचे पत्र पोचले’ एवढेच, आणि त्यात कथानक म्हणून जे काही असे ते ‘कळावे’पाशी संपे. पुढे बँकेत चिकटलो. बँकेतल्या वाङ्मयाला परिपत्रक म्हणतात. ते वाचायचे नसते, ‘वाचले’ म्हणून त्यावर सही करायची असते. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहातून नाटक सुटल्यावर मंडळी पायऱ्या उतरताना ‘दुसरा अंक जरा सैल झाला’ असे काहीतरी बोलत असतात. त्या वेळी मी स्कूटर कुठे लावली होती, ते आठवत असतो.

तरीही २०२५ च्या दिवाळीत, ऐन पाडव्याच्या दिवशी, एक ग्रंथ मी हातात पेन्सिल घेऊन, समासात खुणा करीत, लागोपाठ चार वेळा वाचला. इतके पारायण मी ज्ञानेश्वरीचेही केलेले नाही. एवढ्या कष्टांनंतर माणसाला मते होतात, आणि झालेली मते दाबून ठेवणे प्रकृतीला बरे नसते. म्हणून ही समीक्षा.

ग्रंथाचे नाव ‘क्विक स्टार्ट गाइड’, म्हणजे ‘झटपट सुरुवात’. लेखकाचे नाव दिलेले नाही. ते का दिलेले नाही हे वाचून झाल्यावर कळते. पृष्ठसंख्या एक. पण त्या एका पृष्ठाला सोळा घड्या आहेत. उलगडले की ते पलंगपोसाएवढे होते आणि पुन्हा मूळच्या घडीत जात नाही. भाषा अकरा. त्यांत मराठी नाही. ग्रंथाबरोबर एक लॅपटॉप मिळतो. आम्हांला तो २०११ साली मिळाला. २०२१ साली कन्येची ऑनलाइन शाळा संपली तेव्हा सौ.ने लॅपटॉप माळ्यावर टाकला आणि ग्रंथ वॉरंटी कार्डासकट प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवला. दोहोंपैकी मौल्यवान काय, याबद्दल तिची काही ठाम समजूत असावी.

आता पाडव्याच्या दिवशी पुढ्यातली चकली सोडून हे वाचन कशासाठी? तर आमच्या नागपूरच्या आत्यासाठी. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचे वय ८२, अण्णांचे ७७. ती लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून अण्णांनी भाऊबीज चुकवलेली नाही. विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढायची, ओवाळून घ्यायचे, अनारसे खायचे, परत यायचे. करोनाच्या साली तेवढी ती फोनवर झाली, पण ती अण्णा हिशेबात धरीत नाहीत. या पावसाळ्यात मात्र अण्णा जिन्यावरून घसरले आणि खुब्यात खिळे बसले. आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिकडे आत्याही श्रावणापासून अंथरुणाला लागलेली. “यंदा व्हिडिओवर ओवाळते,” असे तिनेच कळवले. ‘पुढच्या वर्षी भेटू’ हे वाक्य दोन्हीकडून कोणी उच्चारले नाही.

तुम्ही म्हणाल, मग मोबाइल काय झाला? मोबाइल आहे. पण अण्णांच्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे. मोबाइलमधला माणूस त्यांना सुपारीएवढा दिसतो, आणि नेमका तोंडाच्या जागी दिसत नाही. “मोठ्या पडद्यावर कर काहीतरी,” अण्णा म्हणाले. “तिचं तोंड तरी दिसू दे मला.” लॅपटॉपचा पडदा पंधरा इंची. झाले. पाडव्याची बँकेला सुट्टी होती. मी माळ्यावर चढलो.

ग्रंथातले पहिले तीन प्रवेश साधे आहेत. बॅटरी बसवा, चार्जर जोडा, बटण दाबा. बॅटरी केव्हाच निवर्तली होती, पण चार्जरवर यंत्र सुरू झाले. येथवर लेखकाची वाचकावर पकड आहे. चौथ्या प्रवेशात ‘वायरलेस जोडणी’ नावाची नायिका येते, आणि तेथून लेखकाचा तोल सुटतो. मूळ वाक्याचा आशय असा: ‘वायरलेस चालू नसल्यास ते चालू करा.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे. त्यात असत्य काही नाही. ‘भूक लागली असल्यास जेवा’ यातही नाही. पण स्वयंपाकघर कुठे आहे? शेजारी एक चित्र आहे. त्यात मनगटापासून तोडलेला एक हात लॅपटॉपच्या एका कडेकडे बोट दाखवतो. चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तळटीप: ‘तुमच्या यंत्रात स्विचची जागा वेगळी असू शकते.’ आणि शेवटी, ‘सविस्तर माहितीसाठी आमच्या संकेतस्थळावरील पुस्तिका पाहा.’ म्हणजे इंटरनेट कसे सुरू करावे, हे इंटरनेटवर वाचा. कपाटाची किल्ली कपाटात जपून ठेवावी, त्यातला हा प्रकार.

ग्रंथाला एक पुरवणी आहे. ती कागदावर नसून यंत्राच्या पोटात असते आणि तिला ‘ट्रबलशूटर’ म्हणतात. कोपऱ्यातल्या खुणेवर लाल फुली होती, तिच्यावर टिचकी मारली की हे पात्र रंगमंचावर येते. बराच वेळ एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे धावते. मग निष्कर्ष: वायरलेस क्षमता बंद आहे, यंत्राच्या पुढच्या किंवा बाजूच्या कडेवरील स्विच किंवा फंक्शनची कळ वापरा. एका वाक्यात दोनदा ‘किंवा’! आमच्याकडे चेकवर ‘अमुक किंवा तमुक किंवा कोणीही’ असे लिहून आले तर मी काउंटरवरून उठेन. मी सगळ्या फंक्शनच्या कळा एकेक करून दाबल्या. पडदा काळा झाला, परत आला, आवाज वाढला, आणि कन्येने सहावीत असताना ठेवलेले एक गाणे एकाएकी सुरू झाले. लाल फुली जागची हलली नाही. पुरवणीचा शेवट असा: ‘आपल्या नेटवर्क अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’

“अॅडमिनिस्ट्रेटर कोण आपल्या घरात?” मी हाक मारून विचारले.

“मी चकल्या तळतेय,” आतून उत्तर आले. म्हणजे निदान तो प्रश्न तरी सुटला.

मग मी अन्य टीकाकारांची मते मागवली. इंटरनेटच्या कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा फार गोड बोलला. “राउटर बंद करून चालू करा, सर.” केला. “आता सर्व्हिस चांगली वाटतेय का, सर?” इमारतीतले एक काका वर आले. त्यांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला, फुंकर मारली आणि “जुना झाला हो,” म्हणून चिवडा खाऊन गेले. पुण्याला कन्येला फोन लावला.

“बाबा, ड्रायव्हर अपडेट करा.”

“कसा करू?”

“सोपंय. ऑनलाइन जाऊन.”

दुपारचे चार वाजले. ग्रंथाचे चौथे वाचन संपले होते. समासात मी ‘कोठे?’ असे सात ठिकाणी लिहिले होते. तेवढ्यात अण्णा झोपून उठले आणि वॉकर सरकवीत माझ्याजवळ येऊन बसले.

अण्णांचा पूर्वेतिहास येथे सांगितला पाहिजे. ते १९६९ साली टेलिग्राफ खात्यात लागले. हुतात्मा चौकाजवळच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात त्यांनी आयुष्य काढले. आधी मोर्सची कट्ट-कडकट्ट, मग टेलिप्रिंटर. तार म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावे लागते: शब्द मोजून पैसे, आणि शब्द ओलांडले की जादा आकार. सणावारांच्या शुभेच्छांना तर नुसते क्रमांक असत. इकडून क्रमांक पाठवायचा, तिकडे पूर्ण वाक्य उमटायचे. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी, १४ जुलैला, अण्णा गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहिले आणि त्यांनी आत्याला तार केली. ती आत्याच्या देवघरात आहे. तेव्हा हा माणूस तारेतला. बिनतारीबद्दल त्याला काही विचारावे, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

“फॉल्ट कुठल्या सेक्शनला आहे?” अण्णांनी विचारले.

“सेक्शन?”

“अरे, लाइन बंद पडली की आम्ही काय आख्खी मुंबई-नागपूर लाइन चालत जायचो? तुकडे पाडायचे. जवळच्या टोकाकडून सुरू करायचं. इथपर्यंत ठीक, इथपर्यंत ठीक, असं म्हणत पुढे सरकायचं. तू सकाळपासून लांबच्या टोकाला ओरडतोयस.”

मग त्यांनी बोटांवर तुकडे पाडले. एक, हे यंत्र. दोन, मधली हवा. तीन, ती राउटरची पेटी. चार, बाहेरची लाइन. “हवा सध्या वगळ. तार आहे का?”

तार होती. राउटरच्या खोक्यात एक पिवळी वायर आली होती आणि ती कशाची, हे न कळल्यामुळे सौ.ने तिने आकाशकंदील बांधला होता. कंदील उतरवला, लॅपटॉप चपलांच्या कपाटापाशी नेला, वायरीचे एक टोक राउटरमध्ये आणि दुसरे लॅपटॉपच्या चौकोनी भोकात खुपसले. ‘टक्’ असा आवाज झाला. वायरच्या जोडणीची खूण उमटली. मी ‘लागलं!’ म्हणून ओरडलो आणि एक पान उघडले. पानाऐवजी लाल अक्षरांत मजकूर आला की ही जोडणी खासगी नाही आणि कोणीतरी तुमची माहिती चोरण्याच्या प्रयत्नात असू शकेल. सौ.ने तो वाचला आणि जाऊन दाराची कडी पाहून आली.

“वेळ काय आहे त्यात?” अण्णा म्हणाले.

“चार चाळीस झालेत.”

“घड्याळातली नाही विचारत. त्या यंत्रात किती वाजलेत? तारेवर आधी तारीख-वेळ बघायची असते. बाकीचं मागनं.”

मी कोपऱ्यात पाहिले. १ जानेवारी २०११. रात्रीचे बारा वाजून काही मिनिटे. पुढच्या उलगड्याचे श्रेय कन्येला दिले पाहिजे; तिने तो फोनवर समजावून दिला. या यंत्राच्या आत रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती फक्त घड्याळ चालू ठेवते. वर्षानुवर्षे यंत्र माळ्यावर पडले की ती मरते आणि यंत्र आपल्या जन्मसालाच्या आसपास परत जाते. आता प्रत्येक संकेतस्थळाजवळ ओळखीचा एक दाखला असतो, आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २०११ सालात बसलेल्या लॅपटॉपला २०२५ चा दाखला म्हणजे पुढल्या तारखेचा चेक! तो तो कसा वटवणार? बावीस वर्षे मी स्वतः असे चेक परत करीत आलो आहे. मला त्या यंत्राबद्दल एकदम सहानुभूती वाटली. ते आडमुठे नव्हते, नियमाने वागत होते. फक्त ‘चेक पुढल्या तारखेचा आहे’ असे न म्हणता ‘तुम्ही चोरांच्या टोळीत सापडला आहात’ असे म्हणत होते.

तारीख सुधारली. पाने धडाधड उघडली. अण्णा म्हणाले, “म्हणजे चार ठीक. तीन ठीक. एकमधला मेंदू ठीक. आता राहिला एकमधला रेडिओ आणि हवा. आण ते इकडे.”

त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून त्यांनी बोट फिरवले: डावी कड, उजवी कड, मग पुढची कड. पुढच्या कडेच्या ओठाखाली, जिथे माझी नजर दिवसभरात एकदाही गेली नव्हती, तिथे त्यांचे बोट थांबले. “हे काय आहे?” तांदळाएवढी एक सरकती कळ होती. त्यांनी ती नखाने सरकवली. नारिंगी दिवा निळा झाला.

चार वेळा ग्रंथ वाचणाऱ्या दोन डोळ्यांना जे सापडले नाही, ते न दिसणाऱ्या माणसाच्या एका बोटाला सापडले. समीक्षक म्हणून मला हे नोंदवणे भाग आहे.

पण नाटकात तिसरा अंक असतो. पडद्यावर आता इमारतीतल्या सगळ्यांच्या जोडण्यांची यादी आली. एकाचे नाव ‘गणपती बाप्पा मोरया’, एकाचे ‘स्वतःचे घ्या’, एकाचे नुसते ‘पासवर्ड विचारू नये’. आमचेच नाव तेवढे नव्हते. माझा मोबाइल त्याच खोलीत आमच्याच राउटरवर सुरळीत चालला होता! पुन्हा पुण्याला फोन. यावेळी कन्येने जे सांगितले ते मी रोज लोकलने जाणाऱ्या माणसाच्या भाषेत सांगतो.

राउटर दोन रुळांवरून गाड्या सोडतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. २.४ म्हणजे स्लो लोकल. तिची लहर साधारण बारा सेंटीमीटरची. वेग कमी, पण भिंती ओलांडून आतल्या खोलीपर्यंत येते. ५ म्हणजे फास्ट लोकल. लहर निम्म्याने आखूड, वेग जास्त, पण भिंत आली की दमते. आणि आमच्या लॅपटॉपसारखी कित्येक जुनी यंत्रे म्हणजे नाहूर स्टेशन: तिथे फास्ट थांबतच नाही. नवे फायबर घेतले तेव्हा जोडणी करायला आलेल्या मुलाने ‘स्पीड मिळेल, काका’ म्हणून फक्त फास्ट गाड्या चालू ठेवल्या होत्या आणि स्लो बंद. नाहूरचा प्रवासी फलाटावर उभा राहून वेळापत्रक वाचतो आहे, गाड्या धडधडत जात आहेत, आणि चूक त्याचीच समजली जाते आहे, असा हा मामला.

पिवळी वायर पुन्हा जोडली. कन्येने सांगितलेला आकडा, १९२.१६८.१.१, पत्त्याच्या जागी घातला की राउटरच्या पोटातले पान उघडते. (आकडा राउटरप्रमाणे बदलतो; तो आणि पासवर्ड पेटीच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर असतात.) तेथे २.४ ची खूण केली, वायर काढली. यादीत सगळ्यात वर आमचे नाव आले. पासवर्ड घातला. लॅपटॉप अण्णांच्या खोलीत नेला. मध्ये भिंत होती. पान उघडले.

“जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याला भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती, बिनतारी,” अण्णा म्हणाले. “तुला पाडव्याचा आख्खा दिवस लागला.” संध्याकाळचे सात वाजले होते. पणत्या लावायच्या राहिल्या होत्या.

आता मूल्यमापन. हा ग्रंथ दुर्बोध का? त्यातले शब्द अवघड नाहीत. माहिती चुकीची म्हणावी तर तीही नाही. दोष असा, की लेखकाने लिहिताना वाचक शेजारी बसलेला आहे असे कधी मनातच आणले नाही. ज्याला स्विच ठाऊक आहे अशा माणसाने, ज्याला स्विच ठाऊक आहे अशा माणसासाठी तो लिहिला आहे. आणि काही बिघडले की हे गद्य एकदम तिऱ्हाईत होते. ‘क्षमता बंद आहे.’ ‘संपर्क साधा.’ कोणी बंद केली? कोणाशी साधू? याउलट अण्णांचे गद्य बघा. ‘वेळ काय आहे त्यात?’ ‘तार आहे का?’ ‘हे काय आहे?’ तीन प्रश्न, मोजून दहा शब्द. प्रत्येक प्रश्न वाचकाच्या हाताला लागेल इतक्या जवळचा, आणि विचारताना समोरच्याला मूर्ख न ठरवणारा. शब्दाला पैसे पडायचे त्या खात्यात घडलेली ही शैली आहे. ‘क्विक स्टार्ट गाइड’च्या लेखकालाही शब्दामागे पैसे मोजायला लावले असते, तर त्याने स्विच कुठे आहे ते नक्की सांगितले असते.

येथे ही समीक्षा संपायला हवी होती. मी मनातल्या मनात लेखकाला नापास करून, लाल शाईने शेरा देऊन झोपायला गेलो. आणि झोप येईना. कारण मला आमच्या काउंटरवरचे एक आजोबा आठवले.

दसऱ्याच्या सुमारास ते तीनदा आले होते. तीनदा त्यांचा चेक मी परत केला होता, आणि तीनदा छापील स्लिपवर एकाच ओळीपुढे खूण केली होती: ‘सही जुळत नाही.’ तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “अहो, सही माझीच आहे. हात कापतो आता.” मी म्हणालो, “आजोबा, सिस्टीम घेत नाही.” ते बराच वेळ स्लिपकडे बघत उभे राहिले. मागे रांग होती. मी “नेक्स्ट” म्हणालो.

आता सांगा, माझ्यात आणि त्या हिरव्या पट्टीत फरक काय? सही बदलली असेल तर नव्या सहीचा नमुना द्यावा, त्याचा एक पानी अर्ज असतो, तो माझ्याच डाव्या हाताच्या खणात असतो, हे एक वाक्य मी त्यांना तीन भेटींत सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नाही म्हणून नव्हे. मला ते ठाऊक होते, म्हणून. स्विच कुठे आहे हे ज्याला ठाऊक असते त्याला ते सांगण्यासारखे वाटतच नाही. दिवसभर ज्याला मी शिव्या घातल्या तो अनामिक लेखक मला एकदम ओळखीचा वाटू लागला. कदाचित तोही बी. कॉम. असेल.

भाऊबीजेला सकाळी साडेसातला, मी ऑफिसला निघायच्या आधी, नागपूर लागले. पंधरा इंचांत आत्याचा चेहरा आला. उशीला टेकवून बसवलेली, हातात तबक, मागून नातसुनेने धरलेले.

“आवाज येतोय का?” अण्णांनी आधी विचारले. समोरून पोच आल्याशिवाय पुढचा मजकूर पाठवायचा नाही, ही त्यांची जुनी सवय.

“येतोय रे. किती वाळलास!”

तबक हलले, पडद्यावर ज्योत गोल फिरली, आणि मधेच सगळे गोठले. ज्योत कपाळापाशी थांबून राहिली. मी कळ बघायला धावलो. “थांब,” अण्णा म्हणाले, “येईल.” आली. जोडणी तीनदा तुटली. तिन्ही वेळा अण्णांनी शांतपणे “रिपीट” म्हटले आणि आत्याने पुन्हा पहिल्यापासून ओवाळले. अशा रीतीने गणिताने पाहता त्यांना त्या दिवशी चार भाऊबिजा मिळाल्या. करोनाच्या सालची थकबाकी त्यात वळती करून घ्यायला हरकत नाही, असे मी सुचवले. अण्णांनी ते मान्य केले. ते पडद्याकडे तिरके बघत होते, डोळ्याच्या कडेने, कारण मधोमध डाग आहे. “दिसतेयस,” एवढेच म्हणाले.

त्या दिवशी अण्णांनी सांगितलेला मजकूर मी कागदावर उतरवून लॅपटॉपच्या झाकणावर आतून चिकटवला आहे. ग्रंथाची ही दुसरी, सुधारलेली आवृत्ती समजावी:

‘तारीख बघ. पुढच्या कडेखाली कळ, उजवीकडे सरकव. दिवा निळा. यादीत आपलं नाव नसेल तर राउटरमध्ये २.४ चालू कर. तरी नाही, तर पिवळी वायर. तरी नाही, तर मला उठव.’

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. मूळ ग्रंथात ते कोठेच नाही.

भाऊबीजेलाच दुपारी मी खात्यातला फोन नंबर काढून त्या आजोबांना फोन केला. ते आले. खणातला अर्ज काढला, समोर बसवून भरून घेतला. नव्या सहीचा नमुना द्यायला त्यांना पाच मिनिटे लागली. हात कापत होता. त्या कापऱ्या सहीला आता आमची सिस्टीम ओळखते. जाताना ते म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलंत?”

या प्रश्नाला आमच्या छापील स्लिपवर खूण करायला जागा नाही. मी म्हणालो, “आजोबा, आमची पुस्तिका जरा दुर्बोध आहे.” आणि मागे रांग असूनही त्यांना दारापर्यंत सोडून आलो.